‘गोर्ड’ म्हणजे नेमकी कोणती भाजी? दुधीपासून कोहळ्यापर्यंत इंग्रजी नावं ओळखण्याची रीत

इंग्रजी-मराठी कोशात ‘गोर्ड’ शोधलात तर समोर ‘भोपळा’ सापडतो. कोशाचं चुकलेलं नाही, पण तेवढ्यावर विसंबून मोबाइलवरून भाजी मागवलीत तर पिशवीतून भलतंच काहीतरी निघेल. रिज गोर्ड म्हणजे दोडका, बिटर गोर्ड म्हणजे कारलं, आयव्ही गोर्ड म्हणजे तोंडली. यांतल्या एकालाही सोलापुरात कुणी भोपळा म्हणत नाही.

आपल्याकडे हा घोळ जरा जास्तच होतो. इंग्रजी यायच्या आधीच एकेका भाजीला इथे चार-चार नावं आहेत. मराठी नाव आहेच, अक्कलकोट-इंडीकडून माल आणणाऱ्या बाईच्या तोंडी कन्नड नाव असतं, पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत तेलुगू आणि विजापूर वेशीकडे दखनी, म्हणजे इकडची उर्दू बोली. त्यात भाजीच्या ॲपवर हिंदी नाव, बियाण्याच्या पाकिटावर इंग्रजी आणि डॉक्टरांनी दिलेल्या पथ्याच्या कागदावर पुन्हा इंग्रजी. ही सगळी नावं एकमेकांशी कशी जुळवायची आणि कुठे हमखास पाय घसरतो, ते पायरीपायरीने पाहू.

पहिली पायरी: गोर्डला आडनाव समजा

गोर्ड हे एका भाजीचं नाव नाही. कुकुर्बिटेसी नावाचं वेलींचं एक मोठं कुळ आहे, त्यातल्या बऱ्याच फळांना इंग्रजीने दिलेलं हे आडनाव आहे. ओळख पटते ती आधीच्या शब्दावरून: बॉटल, रिज, बिटर, स्नेक. म्हणून पहिला नियम असा की ‘गोर्ड’ एकटा दिसला तर त्याचा अर्थ लावायला जाऊच नका. कृतीत नुसतं ‘वन कप चॉप्ड गोर्ड’ लिहिलं असेल तर फोटो पाहा, नाहीतर शिजायला किती वेळ सांगितलाय ते पाहा. काकडी, कलिंगड आणि खरबूजही याच कुळातले आहेत, पण त्यांना इंग्रजीने हे आडनाव दिलं नाही.

इंग्रजांच्या देशात या शब्दाचा मूळ अर्थ भाजी असा नव्हताच. लॅटिनमधल्या ‘कुकुर्बिता’चा फ्रेंचमधून घासत घासत ‘गोर्ड’ झाला, आणि तिथे त्याचा अर्थ मुख्यतः वाळवून पोकळ केलेलं टणक फळ, म्हणजे पाणी ठेवायचं भांडं, डाव, तुंबा. आजही सर्वसामान्य अमेरिकन माणसाला गोर्ड म्हटलं की ऑक्टोबरात शोभेसाठी टेबलावर मांडलेली खडबडीत, रंगीबेरंगी फळं आठवतात. मुलगी-जावई तिकडे असतील आणि शेजारणीला जेवायला बोलावून ‘आज गोर्डची भाजी आहे’ म्हणाले तर ती जरा दचकेल. पूर्ण नाव सांगायला हवं.

भांडं हा अर्थ आपल्याला मात्र अजिबात परका नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना लागणारे मोठे कडू भोपळे आपल्याच जिल्ह्यात, पंढरपूरच्या बाजूला भीमाकाठी पिकवले जातात. ते वेलीवर पक्के होऊ देतात, वाळवतात आणि मग मिरजेला पाठवतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या वाद्यांचा घुमारा ज्यातून येतो, तो अस्सल इंग्रजी अर्थाने गोर्ड. पोहायला शिकताना कमरेला बांधायची भोपळ्याची सांगडही त्यातलीच. इंग्रजी पुस्तकात ‘ही ड्रँक फ्रॉम अ गोर्ड’ असं वाक्य आलं तर तो दुधीचा रस पीत नव्हता, तुंब्यातून पाणी पीत होता.

दुसरी पायरी: आधीचा शब्द काय सांगतो ते पाहा

आधीचा शब्द बहुतेक वेळा आकार किंवा साल सांगतो. चव सांगणारा एकच, बिटर.

*बॉटल गोर्ड* म्हणजे दुधी भोपळा. बाटलीसारखा लांबोडका, कधी गोल. याच जातीचं फळ पक्कं होऊन वाळलं की त्याचा तुंबा होतो. जुन्या इंग्रजीत आणि काही कृतींमध्ये ‘कॅलबॅश’ दिसतं, तेही हेच. मात्र कॅलबॅश नावाचं एक वेगळं झाडही असतं, त्याच्या फळाच्या कवटीची भांडी करतात. त्यामुळे स्वयंपाकाचा संदर्भ असेल तरच दुधी समजा.

*रिज गोर्ड* म्हणजे दोडका. रिज म्हणजे उभा कंगोरा, आपण त्याला शीर म्हणतो आणि काही भागांत भाजीलाच शिराळं म्हणतात. इंग्रजी कृतीत ‘पील द रिज गोर्ड’ असं लिहिलेलं असतं म्हणून सगळी साल काढून कचऱ्यात टाकू नका. शिरा तेवढ्या तासायच्या आणि त्या बाजूला ठेवायच्या. तेलावर कुरकुरीत परतून शेंगदाणे, तीळ, लसूण आणि तिखट घालून कुटल्या की सोलापुरी कडक भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही. इंग्रजी कृती लिहिणाऱ्यांनी ही चटणी खाल्लेली दिसत नाही.

*स्पंज गोर्ड* म्हणजे घोसाळं, काही घरांत गिलकं. साल गुळगुळीत, शिरा नाहीत. पक्कं होऊन वाळलं की आत जाळी तयार होते, तिने अंग घासतात, म्हणून स्पंज. अंघोळीच्या सामानात महागड्या दराने विकतात तो ‘लूफा’ हाच. शब्द अरबीतून आलेला आहे. घोसाळं विकत घेताना कोवळंच घ्यावं, नाहीतर भाजीत जाळी येते. दोडका जून झाला तर त्यातही धागे होतातच, पण घोसाळ्याचं हे फार लवकर होतं.

*बिटर गोर्ड* म्हणजे कारलं. ‘तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच’ ही आपली म्हण जिथून आली ते. अमेरिकेत याला ‘बिटर मेलन’ म्हणतात. इथपर्यंत ठीक. पण ‘बिटर ॲपल’ दिसलं तर थांबा: ते इंद्रावण, म्हणजे कडू वृंदावन. ते भाजीचं फळ नाही, तीव्र रेचक आहे आणि विषारीही ठरू शकतं. एखाद्या घरगुती औषधाच्या इंग्रजी मजकुरात हे नाव आलं आणि कुणी ते कारलं समजून वापरलं तर ते भलतंच महागात पडेल.

*स्नेक गोर्ड* म्हणजे पडवळ. लांबी पाहिली की नाव का पडलं ते सांगावं लागत नाही. वेलीवर वाढताना सरळ राहावं म्हणून टोकाला दगड बांधायची पद्धत आहे, तसं केलं नाही तर ते खरोखर वेटोळं घालतं.

*आयव्ही गोर्ड* म्हणजे तोंडली. आयव्ही ही तिकडची भिंतीवर चढणारी वेल, पानं थोडी तशी दिसतात. यालाच ‘लिटल गोर्ड’ आणि ‘स्कार्लेट गोर्ड’ही म्हणतात. पिकलेलं तोंडलं लालभडक होतं म्हणून स्कार्लेट. परदेशातल्या भारतीय दुकानांत याचं नाव ‘टिंडोरा’ असतं आणि त्याच फळीवर ‘टिंडा’ही असतो. टिंडा म्हणजे ढेमसं, इंग्रजीत ‘राउंड गोर्ड’ किंवा ‘ॲपल गोर्ड’. ढेमसं आपल्याकडे विदर्भाइतकं खाल्लं जात नाही, त्यामुळे पिशवी उघडेपर्यंत फरक लक्षात येत नाही.

*स्पाइन गोर्ड*, कधी ‘टीझल गोर्ड’, म्हणजे करटोली. अंगावर मऊ काटे असतात. पावसाळ्यात थोडेच दिवस मिळते आणि भाव ऐकून माणूस दोनदा विचार करतो. *पॉइंटेड गोर्ड* म्हणजे परवल, उत्तरेकडची भाजी.

राहिला *ॲश गोर्ड*, म्हणजे कोहळा. पक्क्या फळावर राखेसारखा पांढरा मेणचट थर असतो, हात लावला की बोटांना लागतो. म्हणून ॲश. याच कारणाने ‘वॅक्स गोर्ड’, आणि दक्षिणेकडच्या इंग्रजीत ‘व्हाइट पंपकिन’. दाराला टांगायचा तो हा, अमावास्येला दुकानापुढे कुंकू लावून फोडायचा तो हा, आग्र्याचा पेठा होतो तोही हाच. आवळा देऊन काढायचा तो कोहळाही अर्थात हाच.

तिसरी पायरी: सोलापुरातली चार नावं जुळवून घ्या

इंग्रजी नाव लक्षात राहत नसेल तर विक्रेत्याच्या भाषेतलं नाव कधी कधी जास्त उपयोगी पडतं, कधी तेच फसवतं.

आधी उपयोगाचं. कोहळ्याला कन्नडमध्ये बूदगुंबळकाई म्हणतात, तेलुगूत बूडिद गुम्मडिकाय. बूदि आणि बूडिद दोन्हींचा अर्थ राख. कुंबळकाई आणि गुम्मडिकाय म्हणजे भोपळा. म्हणजे ‘ॲश’ आणि ‘गोर्ड’ दोन्ही भाग जसेच्या तसे सापडतात. घोसाळ्याचंही असंच मजेदार आहे. दोडक्याला कन्नडमध्ये हीरेकाई, तेलुगूत बीरकाय. घोसाळ्याला कन्नडमध्ये तुप्पद हीरेकाई, तेलुगूत नेति बीरकाय. दोन्हींचा अर्थ तुपाचा दोडका. इंग्रजीला स्पंज दिसला आणि शेजारच्या दोन्ही भाषांना तूप दिसलं. त्या नावात एक खूणही आहे: शिरा नसलेला, तुकतुकीत दोडका म्हणजे घोसाळं.

पडवळाला कन्नडमध्ये पडवलकाई म्हणतात, इतकं सोपं. तेलुगूत मात्र पोट्लकाय. दुधी म्हणजे कन्नड सोरेकाई, तेलुगू सोरकाय किंवा आनपकाय.

आता फसवी नावं. अशोक चौक, कन्ना चौक भागात तेलुगू बोलणाऱ्या बाईने ‘दोंडकाय’ म्हटलं तर मराठी कानाला दोडका ऐकू येतो. ती तोंडली सांगत असते. ‘काकरकाय’ म्हटलं तर काकडी वाटते, पण ते कारलं असतं. कारल्याला कन्नडमध्ये हागलकाई म्हणतात, तिथे असा गोंधळ होत नाही.

सर्वांत मोठा गोंधळ ‘कद्दू’चा. पुस्तकी हिंदीत आणि भाजीच्या ॲपवर कद्दू म्हणजे लाल भोपळा. दखनीत मात्र कद्दू म्हणजे बहुतेकदा दुधी. हैदराबादी ‘कद्दू की खीर’ दुधीची असते. त्यामुळे शेजारच्या दखनी बोलणाऱ्या खालांनी खिरीसाठी कद्दू आणायला सांगितला आणि तुम्ही ॲपवर कद्दू दाबलात, तर लाल भोपळ्याची फोड दारात येईल. ॲपवर दुधीला ‘लौकी’ असतं. दोडक्याला तोरी किंवा तुरई, घोसाळ्याला गिलकी किंवा नेनुआ, तोंडल्यांना कुंदरू, कोहळ्याला पेठा.

उडपी हॉटेलातला ‘काशी हलवा’ हाही एक सापळा. आपल्याकडे काशीफळ म्हणजे लाल भोपळा, पण तो हलवा कोहळ्याचा असतो. घरी करून पाहायचा असेल तर ‘ॲश गोर्ड’ शोधा, काशीफळ नको.

चौथी पायरी: देश बदलला की नाव बदलतं

ब्रिटनमध्ये भारतीय वस्ती जुनी असल्याने दुधी, करेला, तुरई ही आपली नावंच तिथल्या फळ्यांवर दिसतात. अमेरिकेत आशियाई दुकानांवर चिनी आणि फिलिपिनो लोकांचा प्रभाव जास्त. तिथे दुधी ‘ओपो स्क्वॉश’ नावाने मिळतो, कोहळा ‘विंटर मेलन’ नावाने, आणि दोडका चक्क ‘चायनीज ओकरा’ नावाने. ओकरा म्हणजे भेंडी. दोडक्याला भेंडी का म्हणावं हे त्यांनाच माहीत, पण अमेरिकेतून फोनवर कुणी विचारलं की ‘चायनीज ओकराची भाजी कशी करू’, तर भेंडीची कृती सांगू नका.

‘स्क्वॉश’ हा शब्द स्वतंत्र वेळ मागतो. आपल्याकडे स्क्वॉश म्हणजे संत्र्याच्या नाहीतर लिंबाच्या सरबताची घट्ट बाटली. तो शब्द ‘चेपणं, पिळणं’ या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदातून आला. भाजीचा स्क्वॉश मात्र उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या नॅरागान्सेट भाषेतून इंग्रजीत शिरला. दोन शब्दांचं नातं काही नाही, उच्चार तेवढा सारखा. लाल भोपळा आणि त्याचे भाऊबंद मुळात अमेरिका खंडातले. कोलंबसानंतर, सोळाव्या शतकापासून, युरोपीय जहाजांबरोबर ते जगभर पसरले आणि आपल्याकडेही आले. त्याआधीच्या काळात भोपळा म्हणजे दुधी किंवा तुंबाच असणार. घारग्यांचा लाल भोपळा त्यामानाने नवखा.

अमेरिकन कृती वाचताना दोन गट लक्षात ठेवले तरी भागतं. ‘समर स्क्वॉश’ म्हणजे कोवळेपणी काढून सालासकट खायचे, झुकिनी त्यातली. तिलाच ब्रिटनमध्ये ‘कूर्जेट’ म्हणतात आणि तशीच मोठी वाढू दिली की ‘मॅरो’. ‘विंटर स्क्वॉश’ म्हणजे वेलीवर पक्के होऊ देऊन टणक सालीसकट साठवायचे. हिवाळ्यात पिकतात म्हणून नव्हे, हिवाळ्यापर्यंत टिकतात म्हणून विंटर. कोहळ्याला ‘विंटर मेलन’ म्हणतात तेही बहुधा याच न्यायाने: तो आख्खा असेल तर महिनोन् महिने राहतो.

आता बदली काय वापरायचं? बटरनट स्क्वॉश म्हटलं असेल तर आपला लाल भोपळा बेलाशक घ्या, दोघं एकाच कुकुर्बिटा प्रजातीतले आहेत. गोडवा थोडा कमी वाटला तर चिमूटभर गूळ. झुकिनीच्या जागी कोवळा दुधी चालतो, मात्र साल काढा, आणि केक किंवा ब्रेडसाठी असेल तर किसून मीठ न लावता नुसता घट्ट पिळा. स्पॅगेटी स्क्वॉशला आपल्याकडे बदली नाही, ती कृती सोडून द्या. डबाबंद ‘पंपकिन प्युरे’ सांगितलं असेल तर लाल भोपळ्याच्या फोडी पाण्यात उकडू नका, वाफवा. मग फडक्यात बांधून तासभर टांगा आणि त्यानंतर वाटा. पाणी राहिलं की ‘पाय’ (सारण भरून भाजायचा पदार्थ) असो की केक, मधोमध गिच्च राहतो.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट आणखी सोपी. तिथे टणक सालीचे बहुतेक सगळे पंपकिनच. बटरनटही ‘बटरनट पंपकिन’.

आणि आपल्याच देशातलं एक: ‘रेड पंपकिन’ आणि ‘यलो पंपकिन’ दोन्ही लाल भोपळाच. आपण म्हणतो तो लाल किंवा तांबडा, दक्षिणेकडे म्हणतात तो यलो. फोटोत गर केशरी-पिवळा दिसला की निश्चिंत घ्या.

पाचवी पायरी: बियाण्याचं पाकीट

स्वयंपाकात चूक झाली तर एक वेळचं जेवण बिघडतं, बियाण्यात झाली तर हंगाम जातो. म्हणून इथे इंग्रजी नावावर अजिबात थांबू नका. १९६६च्या बियाणे कायद्यानुसार पाकिटावर पीक, वाण, लॉट क्रमांक, उगवणीचं प्रमाण आणि तपासणीची तारीख छापलेली असावी लागते. पीक आणि वाण दोन्ही वाचा.

वाणाचं नाव पुष्कळदा शंका मिटवतं. दिल्लीच्या पुसा संस्थेचे दोन जुने वाण आहेत, ‘पुसा नसदार’ आणि ‘पुसा चिकनी’. नसदार म्हणजे शिरांचा, तो दोडका. चिकनी म्हणजे गुळगुळीत, ते घोसाळं. राहुरीच्या विद्यापीठाचे ‘हिरकणी’ आणि ‘फुले ग्रीन गोल्ड’ कारल्याचे, ‘सम्राट’ दुधीचा. पाकिटावर ‘गोर्ड’च्या आधीचा शब्द पुसट झाला असला तरी वाणावरून पीक कळतं.

शास्त्रीय नाव छापलं असेल तर उत्तमच. लॅजिनेरिया म्हणजे दुधी, बेनिनकासा म्हणजे कोहळा, कॉक्सिनिया म्हणजे तोंडली. लुफा दिसलं तर पुढचा शब्द वाचा: ॲक्युटँग्युला म्हणजे दोडका, सिलिंड्रिका म्हणजे घोसाळं. मोमॉर्डिका दिसलं तर चॅरँशिया म्हणजे कारलं, डायोइका म्हणजे करटोली.

पाकीट फोडल्यावर बीही बघा. दोडक्याचं आणि घोसाळ्याचं दोन्ही काळं, पण दोडक्याचं बी खरबरीत, खाचा पडलेलं असतं आणि घोसाळ्याच्या बियांना कडेने पातळ पंखासारखी किनार असते. कारल्याचं बी नक्षी कोरल्यासारखं खडबडीत, ते ओळखायला चुकणं अवघड. पेरून झाल्यावर शंका आली तर फळ लागायची वाट पाहायची गरज नाही, फूल सांगतं. दोडक्याची पिवळी फुलं संध्याकाळी उमलतात, घोसाळ्याची पहाटे. दुधीचं फूल पांढरं आणि तेही संध्याकाळचं. लाल भोपळ्याचं मोठं पिवळं-केशरी फूल सकाळी उघडतं.

‘स्पाइन गोर्ड’ किंवा ‘पॉइंटेड गोर्ड’चं बी कुणी ऑनलाइन विकत असेल तर घाई नको. करटोली आणि परवल यांच्यात नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी. बियांपासून काय उगवेल ते फुलावर येईपर्यंत कळत नाही. म्हणून करटोली कंदांपासून आणि परवल वेलीच्या तुकड्यांपासून लावतात. तोंडल्यांचंही तसंच, चांगल्या वेलीचे फाटे आणून लावणं हाच सोपा मार्ग.

बाजारभाव पाहताना आणखी एक अडचण येते. सरकारी भावांच्या याद्यांमध्येसुद्धा ‘गोर्ड’चं ‘गार्ड’ झालेलं दिसतं, रिजगार्ड, स्नेकगार्ड असं. शोधखिडकीत बरोबर स्पेलिंग टाकून काही मिळालं नाही तर आधीचा शब्द तेवढाच टाका, नुसतं ‘रिज’ किंवा ‘स्नेक’. किंवा हिंदी नाव.

सहावी पायरी: पथ्याचा कागद

डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ ‘गोर्ड व्हेजिटेबल्स’ लिहून देतात तेव्हा त्यांना सहसा पचायला हलक्या, पाणीदार वेलभाज्या अभिप्रेत असतात: दुधी, दोडका, घोसाळं, पडवळ. लाल भोपळा त्यात धरायचा की नाही हे विचारून घ्या, विशेषतः मधुमेह असेल तर. ‘बिटर गोर्ड ज्यूस’ म्हणजे कारल्याचा रस. साखरेच्या गोळ्या चालू असताना तो आपल्या मनाने सुरू करू नये, साखर जास्त खाली जाऊ शकते.

‘बॉटल गोर्ड ज्यूस’बद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. ‘बॉटल गोर्ड’ आणि ‘बिटर गोर्ड’ ही नावं शेजारी शेजारी वाचून एक धोकादायक समज होतो की कडूपणा औषधीच असणार. कारल्याचा कडूपणा वेगळा आणि दुधीचा वेगळा. दुधी कडू लागला तर त्यात कुकुर्बिटासिन नावाची विषारी द्रव्यं वाढलेली असतात, ती शिजवूनही जात नाहीत. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला होता. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने हा विषय तपासला आणि स्पष्ट सांगितलं की कडू दुधी खाऊ नये, त्याचा रस पिऊ नये.

म्हणून करायचं काय? दुधी चिरल्यावर देठाकडचा लहानसा तुकडा जिभेच्या टोकाला लावून पाहा आणि थुंकून टाका. कडू लागला तर आख्खा दुधी फेकून द्या. ‘एवढे पैसे दिलेत, मीठ लावून बघू’ असं नको. रसात आवळा, आलं, पुदिना घातलं की कडूपणा झाकला जातो, म्हणून चव नेहमी आधी आणि नुसत्या दुधीची घ्यायची. प्यायल्यावर मळमळ, उलटी, पोटात कळ किंवा जुलाब सुरू झाले तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठा आणि दुधीचा रस घेतला होता हे सांगा. भीमाकाठचे वाद्यांचे भोपळे कडू असतात आणि ते भाजीसाठी नसतातच. कुणी त्याचं बी हौसेने परसात लावलं असेल तर ती वेल दुधीच्या वेलीपासून लांब ठेवा. परागकणांची सरमिसळ झाली तर पुढच्या वर्षी त्या बियांपासून कडू दुधी निपजू शकतो.

बोलताना आणि लिहिताना

उच्चार ‘गोर्ड’. ‘गाउर्ड’ नाही, ‘गार्ड’ तर नाहीच. ब्रिटिश बोलीत ‘र’ जवळजवळ ऐकू येत नाही. स्पेलिंग लिहिताना जी-ओ-यू-आर-डी. मुलांच्या वहीत हटकून ‘यू’ आणि ‘ओ’ची जागा बदललेली असते.

आख्खी फळं मोजायची असतील तर अनेकवचन: टू बॉटल गोर्ड्स, थ्री बिटर गोर्ड्स. चिरलेली किंवा शिजलेली भाजी असेल तर एकवचनच: सम रिज गोर्ड, ॲश गोर्ड करी. वजन सांगताना ‘हाफ अ किलो ऑफ आयव्ही गोर्ड’ पुरतं. इंग्रजीत ‘आउट ऑफ युअर गोर्ड’ असं कुणी म्हटलं तर ते भाजीबद्दल नाही, डोकं फिरलंय का असं विचारताहेत.

खानावळीचा मेनू किंवा घरगुती डब्याची जाहिरात इंग्रजीत करायची असेल तर माझं मत विचाराल तर आपलं नाव पुढे ठेवा आणि इंग्रजी मागे. ‘दोडका चटणी’ लिहा आणि खाली बारीक अक्षरांत ‘रिज गोर्ड पील अँड पीनट’. नुसतं ‘ग्राउंड रिज गोर्ड स्किन’ वाचून कुणाला भूक लागणार नाही. ‘भरली तोंडली’चं ‘स्टफ्ड आयव्ही गोर्ड’ होतं तेव्हा सोलापूरचं गिऱ्हाईकसुद्धा तो पदार्थ सोडून पनीरकडे वळतं.

मुलांच्या अभ्यासासाठी सर्वांत सोपं म्हणजे एक शनिवार सकाळ लक्ष्मी मंडईत. हातात वही, एकेका भाजीपुढे मराठी नाव आणि विकणाऱ्या मावशी म्हणतात ते नाव लिहायचं, इंग्रजी घरी येऊन. मावशींना घाई नसेल तर दुधी आणि कोहळ्यात फरक काय हेही विचारा, त्या नख लावून दाखवतील: कोवळ्या दुधीत नख रुततं, पक्क्या कोहळ्यावर राख निघते. मंडईत परवल आणि ढेमसं दिसेलच असं नाही, त्या दोन ओळी रिकाम्या सोडल्या तरी चालतील.